कमाटीबागेतलं कारंजं आणि आमच्या चौकातला नळ

मे महिन्यात मुलगा आणि सून आठ दिवसांसाठी पुण्याहून आले होते, चिऊला घेऊन. चिऊ म्हणजे आमची नात, वय वर्षं पावणेदोन. नाव वेगळं आहे, पण घरात सगळे चिऊच म्हणतात. बडोद्याचा उन्हाळा तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. दुपारी अकरानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. पोर घरात कंटाळली. बादलीत बसव, टपात बसव, सगळं करून झालं. शेवटी मुलगा म्हणाला, "आई, आज संध्याकाळी अजव्याचे फुवारे बघायला जाऊ."

सून हसली. ती सदाशिव पेठेतली. म्हणाली, "फुवारे काय हो, कारंजी म्हणा की." मी म्हटलं, "अगं, आम्ही दोन्ही म्हणतो. चार पिढ्या गुजरातेत काढल्यावर एवढं चालायचंच." आपल्या बडोद्याच्या मराठीची हीच तर गंमत आहे. वरणात गूळ आणि बोलण्यात गुजराती, दोन्ही कधी पडलं ते कळत नाही.

संध्याकाळी पाचला निघालो. पाणीगेट ओलांडून अजवा रोडला लागलो. लहानपणी याच रस्त्याने एस.टी.ने सहलीला जायचो तेव्हा दोन्ही बाजूंना शेतं होती. आता घरं संपतच नाहीत. शहरापासून वीसेक किलोमीटरवर निमेट्याची बाग. म्हैसूरच्या वृंदावन बागेच्या धर्तीवर केलेली, म्हणून तिथल्या कारंज्यांवर दिवे आणि संगीत. अंधार पडला, दिवे लागले, गाणं सुरू झालं आणि चिऊने भोकाड पसरलं. तिला लाल-हिरवं पाणी नको होतं आणि गाणंही नको होतं. मग वारा फिरला आणि तुषार आमच्या अंगावर आले. रडणं थांबलं. तिने तोंड उघडून जीभ बाहेर काढली आणि पुढे धावली. तेवढ्यात रखवालदाराची शिट्टी. त्याचंही बरोबरच होतं, तिथे विजेचे दिवे पाण्यातच असतात. पण पोरीला काय समजणार? घरी येईपर्यंत "पानी, पानी" चालू होतं. तेव्हा ठरलं, उद्या सकाळी कमाटीबागेत न्यायचं.

त्या रात्री मला झोप लागेना. अजव्याचं पाणी म्हटलं की माझ्या डोक्यात दोन गोष्टी येतात. एक मी आजवर शंभरदा सांगितली आहे. दुसरी कधीच सांगितली नाही. आज दोन्ही लिहिते.

पहिली गोष्ट अभिमानाची. आपल्या सगळ्यांच्या घरी ती थोड्याफार फरकाने असणारच. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसला. १८८१च्या अखेरीस श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार आले. त्या वेळी बडोद्याला पाणी कुठलं? विहिरी, वावी, सूरसागर आणि विश्वामित्री. राजवाड्याच्या आवारातली नवलखी वाव तर पंधराव्या शतकाच्या आरंभीची. लोकवस्ती १८९१च्या खानेसुमारीत १,१६,४२०. एवढ्या माणसांनी त्याच विहिरींत पोहरे सोडायचे, त्याच तलावात धुणी धुवायची. दर उन्हाळ्यात पटकी ठरलेली.

महाराजांनी १८८०च्या दशकात अजव्याला मातीचं धरण बांधायला घेतलं. काही किलोमीटर लांबीचा बांध, त्यामागे अडवलेलं पावसाचं पाणी, आणि तिथून शहरापर्यंत नळ. जगन्नाथ सदाशिवजी हे त्या कामाचे इंजिनिअर. या कामातली खुबी अशी की तलावाची पातळी शहरापेक्षा उंच. त्यामुळे पाणी ओढायला इंजिन नको, पंप नको. उतारावरून ते आपलं आपण खाली येतं. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते शहरात पोचलं आणि बडोद्यात पहिल्यांदा माणसाने तोटी फिरवली की पाणी येऊ लागलं. आज शहर कितीतरी पटींनी वाढलं, महीचं पाणी आलं, पण शहराच्या पूर्वेकडे लाखो लोक अजूनही अजव्याचंच पाणी पितात. सरोवराला नाव सयाजी सरोवर, पण ते फक्त पाटीवर. आपल्या तोंडी अजवाच.

माझी आजी सांगायची की नळ आले तेव्हा तिच्या सासूबाईंनी, म्हणजे माझ्या पणजीने, त्या पाण्याला बरीच वर्षं हात लावला नाही. नळात चामड्याचा वायसर असतो, म्हणून ते पाणी देवाला चालत नाही. शिवाय वाटेत कोणाकोणाचा हात लागला असेल कोण जाणे. अशी कुरकुर तेव्हा पुण्या-मुंबईतही झाली होती, फक्त आमच्याच घरी नाही. आमचे पणजोबा गायकवाडी नोकरीत कारकून. कचेरीत महाराजांच्या सुधारणांचे हुकूम स्वच्छ अक्षरात लिहून काढायचे, आणि घरी आल्यावर अंगणात विहिरीच्या पाण्याने पाय धुवायचे. हे सांगताना आजी पदर तोंडाला लावून हसायची. आम्हीही हसायचो. पुढे विहिरीचं पाणी मचूळ झालं आणि नळ चौकात आला. दगडी कुंडी, तिच्यावर पितळेची तोटी. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर पाणी. माझा जन्म १९५२चा. मला आठवतं तेव्हापासून घरातला सगळ्यात मोठा आवाज म्हणजे पहाटे त्या कुंडीत पडणाऱ्या धारेचा.

इथवर मी नेहमी सांगते. आता दुसरी गोष्ट.

दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या मागच्या बोळात झाडायला एक बाई येत. मागच्या दारातून येत, मागच्याच दाराने जात. त्यांना पाणी लागलं तर आजी वरून, हात न लागेल असं, तांब्याने ओंजळीत घाली. त्यात आम्हाला काही वेगळं वाटायचं नाही. सूर्य उगवतो तसं ते. १९५९चा उन्हाळा असेल, मी सात वर्षांची. त्या बाईंबरोबर त्यांचा मुलगा यायचा, माझ्याच वयाचा. आई बोळ झाडे तोवर तो पायरीवर बसून राही. एकदा दुपारी आजी निजली होती आणि त्या दिवशी काही कारणाने भलत्या वेळी नळाला पाणी आलं. मी चौकात एकटी. तोटीखाली हात धरून खेळत होते. तो दारातून बघत होता. म्हणाला, "असं नाही." आत आला आणि तोटीच्या तोंडावर अंगठा दाबून धरला. पाणी पंख्यासारखं पसरलं. चौकाच्या अर्ध्या भागात पाऊस. उन्हात त्यात इंद्रधनुष्य दिसलं. मी आयुष्यात पाहिलेलं पहिलं कारंजं ते.

आम्ही दोघं किती वेळ भिजलो कोण जाणे. हसण्याने आजी उठली.

तिने कोणाला मारलं नाही. आवाजही चढवला नाही. मागच्या दाराशी जाऊन बाईंना एवढंच म्हणाली, "पोराला उद्यापासून आणू नका." मग तिने चिंच आणि राख घेतली, ती पितळी तोटी घासली, कुंडी घासली, आणि मला त्याच नळाखाली बसवून डोक्यावरून पाणी घातलं. ज्या पाण्याने मी विटाळले होते, त्याच पाण्याने मी शुद्ध झाले. सात वर्षांच्या मुलीलाही ते चमत्कारिक वाटलं होतं. पण मी काही बोलले नाही. तो मुलगा पुन्हा आला नाही.

मंडळी, सालं लक्षात घ्या. अस्पृश्यता राज्यघटनेने १९५० साली बंद केली. १९५५ साली तिच्याविरुद्ध कायदाही झाला. आमच्या माजघरात महाराजांची तसबीर होती आणि त्यांच्या जयंतीला आजी तिला हार घालायची. ज्या महाराजांनी १८८०च्या दशकातच अंत्यजांसाठी शाळा काढल्या त्यांची तसबीर. त्या शाळांना हिंदू शिक्षक मिळेनात, तेव्हा मुसलमान शिक्षक नेमावे लागले, आणि पुढे १९०८च्या सुमारास आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांना त्या कामासाठी बडोद्याला आणलं. का मिळेनात शिक्षक? बडोद्यात शिकलेले हिंदू कमी होते का? कचेऱ्या तर आपल्याच माणसांनी भरलेल्या होत्या.

हा प्रश्न मला स्वतःहून पडला नाही, हे कबूल करते. मी बँकेत नोकरीला होते. तिथे एक सहकारी होते, अत्यंत शांत माणूस. एका सप्टेंबरात त्यांनी डब्याच्या वेळी विचारलं, "उद्या संकल्पभूमीवर येता का?" मी म्हटलं, "ते कुठे आलं?" ते म्हणाले, "कमाटीबागेत." जन्म बडोद्यात गेला होता, कमाटीबागेतलं वस्तुसंग्रहालय, पक्षी, फुलांचं घड्याळ, सगळं पाठ होतं. संकल्पभूमी माहीत नव्हती.

शाळेत आम्हाला शिकवलं होतं की महाराजांनी डॉ. आंबेडकरांना शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, १९१३पासून, कोलंबिया विद्यापीठासाठी. ते खरं आहे आणि त्याचा अभिमान असायलाच हवा. पण गोष्ट तिथेच थांबवायचे. पुढचं त्या सहकाऱ्यांनी सांगितलं. शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे १९१७ साली आंबेडकर बडोद्यात नोकरीला आले. राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी सरायीत खोटं पारशी नाव सांगून, रोजचा दीड रुपया भाडं देऊन राहिले. कचेरीत प्यायला पाणी मिळायची पंचाईत, असं त्यांच्या चरित्रांत आहे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांचा घोळका खोलीपर्यंत आला आणि संध्याकाळच्या आत जागा सोडायला सांगितलं. बडोद्यातल्या दोन ओळखीच्या माणसांकडे त्यांनी आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले पाच तास काढायचे कुठे, म्हणून ते कमाटीबागेत जाऊन बसले. तिथे त्यांना आईवडिलांची आठवण आली, हे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहिलं आहे. ज्या वडाखाली ते बसले असं मानतात, तिथे २३ सप्टेंबरला लोक जमतात.

आणि दहा वर्षांनी, २० मार्च १९२७ला, याच माणसाने महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मला वाटतं, ती ओंजळ भरायला बडोद्यातच सुरुवात झाली.

सहकाऱ्यांनी नंतर मला सहज विचारलं होतं, "तुमची मंडळी तेव्हा बडोद्यातच होती ना?" टोमणा नव्हता. विचारपूस होती. मी "हो" म्हटलं आणि डब्याचं झाकण लावलं. १९१७ साली पणजोबा नोकरीत होते. वेगळ्या खात्यात, पण होते. कमाटीबागेपासून आमचा वाडा चालत पंचवीस मिनिटांवर. त्या रात्री बडोद्यात कितीतरी मराठी घरं होती, त्यांच्याच भाषेत बोलणारी, आणि त्यातलं एकही दार त्या माणसाला उघडण्यासारखं नव्हतं. महाराजांनी पाणी शहरात आणलं. ते कोणाच्या ओंजळीपर्यंत पोचू द्यायचं, हे मात्र घराघरातल्या माणसांनी ठरवलं.

तर ही दुसरी गोष्ट. आता तिसरी, या मे महिन्यातली. ती लिहायला जड जातं आहे.

सकाळी सातला कमाटीबागेत पोचलो. १८७९ साली महाराजांनी लोकांसाठी खुली केलेली ही बाग, विश्वामित्रीच्या दोन्ही काठांवर पसरलेली. काळ्या घोड्याकडून आत शिरलो. फिरायला आलेले आजोबा, बाकांवर योगासनं, चाफ्याचा वास. पुलावरून चिऊला नदी दाखवली, मगर काही दिसली नाही. २०२४च्या ऑगस्टात हीच नदी सगळीकडे पसरली होती, आणि पूर ओसरल्यावर मगरी लोकांच्या सोसायट्यांतून पकडून न्याव्या लागल्या. आता खाली नुसता हिरवा ओहोळ.

पुढे एका वळणावर एक लहानसं कारंजं चालू होतं. आताची कारंजी मोटारीवर चालतात, तेच पाणी फिरून फिरून वर येतं. कठडा बुटका, आणि वाऱ्याने पाणी बाहेरच्या फरशीवर पडून तिथे उथळ डबकं झालेलं. चिऊला खाली सोडलं. पुढची पंधरा मिनिटं मी वर्णन करत नाही. ज्यांनी पावणेदोन वर्षांचं मूल पाण्यात पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. ती उड्या मारत होती, बसत होती, ओंजळीत पाणी धरून आजोबांच्या विजारीवर ओतत होती. हे बाकावर टॉवेल घेऊन बसलेले, भिजून चिंब, आणि खूश.

तेवढ्यात बाजूच्या ताटव्यात खुरपणी करणाऱ्या बाईंचा मुलगा आला. चारेक वर्षांचा. अंगात नुसता बनियन, गुडघ्यापर्यंत माती. थोडा वेळ लांब उभा राहून बघत होता. मग जवळ येऊन त्याने कठड्याजवळच्या एका धारेवर तळहात दाबून धरला. पाणी पंख्यासारखं पसरलं आणि चिऊच्या अंगावर पाऊस पडला. ती किंचाळून हसली. त्याने हात काढला. ती म्हणाली, "अजून." त्याने पुन्हा धरला.

आणि माझ्या तोंडून निघालं, "चिऊ, बास आता. चल. घाण आहे पाणी."

मी उठलेही होते. हात पुढे केला होता. सून माझ्याकडे बघत होती. ती मुद्दाम काही बोलणारी मुलगी नाही. साधेपणानेच म्हणाली, "आई, पाणी मघापासून तेच आहे."

मंडळी, मला त्या क्षणी चिंचेचा वास आला. चिंच आणि राख. त्र्याहत्तर वर्षांची मी, बँकेत सगळ्यांबरोबर डबा खाल्लेली, संकल्पभूमीवर दोनदा जाऊन आलेली. आणि आवाज माझ्या आजीचा. तसाच, न चढवलेला.

मी खाली बसले. काय करावं सुचेना म्हणून चपला काढल्या आणि पाय त्या पाण्यात सोडले. पाणी कोमट होतं. मुलगा माझ्याकडे बघून थांबला होता. मोठ्या माणसाचा सूर मुलांना लगेच कळतो. मी म्हटलं, "अजून कर ना." त्याने आधी आईकडे पाहिलं, मग हात धरला. पाणी माझ्या चष्म्यावर आलं.

निघताना यांनी चिऊचं डोकं पुसलं. टॉवेल मी मागून घेतला आणि त्या मुलाचं डोकं पुसायला लागले. ताटव्यातून त्याची आई म्हणाली, "रहेवा दो बा, ए तो सुकाई जशे." राहू द्या, वाळेल तो. ती अवघडली होती. मीही. मी पुसलं तेव्हा तो आक्रसून उभा होता. त्यात गोड काही नव्हतं. उशिरा केलेली गोष्ट अशीच दिसत असावी. मग आम्ही सेव-उसळ खायला गेलो आणि चिऊ गाडीतच झोपली.

१९५९ सालच्या त्या मुलाचं नाव मी तेव्हा विचारलं नव्हतं. या मुलाचं विचारलं. इथे लिहीत नाही, ते त्याचं त्याच्यापाशी.

आपण इथे गायकवाडीच्या आठवणी लिहितो, वाड्यांचे फोटो टाकतो, महाराजांवर लिहितो. लिहायलाच हवं. १ मे १९४९ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९६०ला आपण गुजरातेत राहिलो, आणि या आठवणींनीच आपल्याला बडोदेकर ठेवलं. पण वाड्याच्या फोटोत दर्शनी दरवाजा असतो, तुळशीवृंदावन असतं. मागचं दार कधी नसतं.

तुमच्या घरीही चौकात नळ असेल. मागचं दार असेल. त्या दाराशी ठेवलेला वेगळा तांब्या किंवा कान तुटलेला कप असेल. आठवत असेल तर तेही लिहा. आपली नातवंडं वाचतील, आणि आपल्या तोंडून कधी आजीचा आवाज आला तर सुनेसारखं कोणीतरी आपल्याला सांगेल की पाणी मघापासून तेच आहे.